पुराण मध आणि बिघडलेला मध : औषधालयातील साठवणीचा विचार

मधाइतके नित्य वापरातील अनुपान दुसरे नाही. सितोपलादी असो, त्रिकटू असो वा तालीसादी, चिठ्ठीवर 'मधातून' हा शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा लिहितो. चूर्णाची निर्मिती-तिथी, मात्रा, औषधसेवनकाल यांविषयी आपण काटेकोर असतो. ज्या मधातून ते चूर्ण पोटात जाणार तो मध केव्हा काढलेला, कोठे ठेवलेला, किती उन्हाळे पाहिलेला, याची चौकशी मात्र क्वचितच होते. मध कधी नासत नाही, उलट जुना तेवढा चांगला, अशी एक समजूत वैद्यवर्गात आणि औषधविक्रेत्यांत सारखीच रुजली आहे. या समजुतीच्या आधारे मधाचे डबे पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहतात.

या समजुतीत सत्याचा अंश आहे, परंतु तो अंशच आहे. 'पुराण' मध आणि नुसता जुना होऊन बिघडलेला मध या दोन भिन्न वस्तू आहेत. हा भेद शास्त्राच्या आणि अर्वाचीन रसायनशास्त्राच्या आधाराने मांडावा, तसेच सातारा-सांगलीच्या हवामानात तो व्यवहारात कसा सांभाळता येईल हे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

शास्त्रदृष्टी : नव आणि पुराण, आम आणि पक्व

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधीच्या अध्यायात मधाचे आठ प्रकार सांगून पुढे दोन जोड्यांचा विचार केला आहे. पहिली जोडी नव आणि पुराण मधाची. नव मध बृंहण, सर आणि कफाचे फारसे हरण न करणारा. पुराण मध ग्राही, मेद व स्थौल्य कमी करणारा आणि अतिलेखन. दुसरी जोडी आम आणि पक्व मधाची. पक्व मध त्रिदोषहर, तर आम मध अम्ल आणि त्रिदोषकर. भावमिश्रांनी पुराणत्वाला कालमर्यादाही घातली. एक संवत्सर उलटल्यावर मधाला पुराण म्हणावे, असे त्यांचे मत आहे. शार्ङ्गधरांनी सर्व कर्मांत द्रव्ये नवी घ्यावीत असे सांगताना जे मोजके अपवाद दिले, त्यांत विडंग, पिप्पली, गूळ, धान्य आणि घृत यांच्या जोडीने मधाचा समावेश आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, ग्रंथकारांनी नव मध त्याज्य ठरविलेला नाही. त्याचे कर्म वेगळे सांगितले आहे. म्हणजे निवड रुग्णानुसार करावयाची आहे. दुसरी अशी की, पुराणत्व हे पक्व मधालाच प्राप्त होऊ शकते. आम मध वर्षभर ठेवला तर तो पुराण होत नाही, आंबतो. पोळ्यातील घरे मेणाने झाकली जाण्यापूर्वीच काढलेला, पाण्याचा अंश अधिक असलेला मध आंबट होतो हे मधपाळांना ठाऊक आहे. आम मधाचा अम्लत्वाशी जोडलेला संबंध या अनुभवाशी तंतोतंत जुळतो.

तिसरा मुद्दा उष्णविरोधाचा. मध तापवू नये, उष्ण द्रव्यांसह वा उष्णार्त रुग्णास देऊ नये, हा दंडक आपण सर्वजण पाळतो. वमन आणि निरूह यांत मध न पचता बाहेर पडतो म्हणून तेथे अपवाद आहे. परंतु 'तापविणे' म्हणजे केवळ चुलीवर ठेवणे, असा अर्थ आपण घेत आलो आहोत. साठवणीच्या जागेचे तापमान ग्रंथांत अंशांमध्ये दिलेले नाही. तरीही पुढील विवेचन पाहिल्यावर उष्णविरोधाचा विचार चुलीपासून माळ्यापर्यंत नेला पाहिजे, असे आम्हास वाटते.

मधातील वनस्पतिज अंश

मधाचा सुमारे चार-पंचमांश भाग शर्करांचा आणि उरलेल्यातील बहुतेक भाग पाण्याचा. मधामधाचे वेगळेपण ज्यांत आहे, ते घटक अत्यल्प प्रमाणात असतात. गॅलिक, कॅफिक, फेरुलिक, कुमारिक यांसारखी फिनॉलिक आम्ले आणि क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, क्रायसिन, पिनोसेम्ब्रिन यांसारखी फ्लेव्होनॉइड द्रव्ये ही त्यांतील प्रमुख होत. ही द्रव्ये मधमाशी निर्माण करीत नाही. ती फुलांच्या मकरंदातून, परागातून आणि माश्यांनी झाडांच्या चिकातून गोळा केलेल्या प्रोपोलिसमधून मधात उतरतात. म्हणून त्यांना मधातील वनस्पतिज अंश म्हणणे उचित ठरेल. सामान्यतः गडद मधात ती अधिक आणि फिकट मधात कमी आढळतात.

यांच्या जोडीला मधमाशीच्या शरीरातून आलेली विकरे म्हणजे एन्झाइम्स असतात : इन्व्हर्टेज, डायास्टेज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज. यांपैकी ग्लुकोज ऑक्सिडेज हे व्रणचिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मध स्रावाने किंवा पाण्याने विरल झाला की हे विकर ग्लुकोजपासून अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. मधाच्या जंतुनाशक गुणामागे हा पेरॉक्साइड आहे, हे अमेरिकेतील जोनाथन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखविले.

आपल्या परिसरात या विषयाचा अभ्यास नवा नाही. महाबळेश्वर येथे गेल्या शतकाच्या मध्यापासून मधमाशीपालनाचे संघटित कार्य उभे राहिले. तेथील प्रयोगशाळेत डॉ. गो. बा. देवडीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील मधांचे भौतिक व रासायनिक परीक्षण केले. पुढे १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा, व्हायटी आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी यांचा सातेरी माशीने केलेला मध आपल्या दारात उपलब्ध आहे. कारवीच्या मधाचे वैशिष्ट्य तर राष्ट्रीय मानकातही नोंदले गेले आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने साध्या पुष्पमधासाठी सुक्रोजची कमाल मर्यादा ५ टक्के ठेवली, परंतु कारवीच्या मधासाठी ती १० टक्के मान्य केली.

येथे एक सावधगिरी. हिरड्याचा मध म्हणजे हिरडा, जांभळाचा मध म्हणजे जांभूळबीज, असे समीकरण मांडू नये. मकरंदात उतरलेले तेवढेच मधात येते. वृक्षाच्या फळाचे वा सालीचे सर्व गुण मधावर आरोपित करून रुग्णास सांगणे शास्त्रीय नाही.

बंद बरणीत काय घडते?

बंद बरणीतील मध स्थिर दिसतो, परंतु आत मंद गतीने अनेक क्रिया चालू असतात.

पहिली क्रिया फिनॉलिक द्रव्यांची. ही द्रव्ये हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात, परस्परांशी जोडली जातात आणि मधातील प्रथिनांशी व शर्करांपासून झालेल्या तपकिरी द्रव्यांशी बांधली जातात. परिणामी मुक्त स्वरूपातील फिनॉलिक अंश घटतो आणि मधाचा रंग गडद होत जातो. अमेरिकेत २००४ साली क्लोव्हरच्या मधावर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या साठवणीनंतर प्रतिऑक्सिडीकारक क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. कॅनडातील कॅटरिना ब्रुडझिन्स्की यांनी २०११ साली साठवलेल्या मधाच्या जंतुनाशक क्षमतेचा मागोवा घेतला. त्यांना पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच लक्षणीय घट दिसली आणि तिचा संबंध प्रथिने व फिनॉलिक द्रव्ये यांच्या अशा बांधणीशी जोडता आला.

दुसरी क्रिया विकरांच्या ऱ्हासाची. उष्णतेने आणि प्रकाशाने ती निष्क्रिय होत जातात. ग्लुकोज ऑक्सिडेज तर प्रकाशालाही संवेदनशील आहे, आणि ही संवेदनशीलता फुलोऱ्यानुसार कमी-अधिक असते.

तिसरी क्रिया हायड्रॉक्सीमिथाइल फर्फ्युराल, संक्षेपाने एचएमएफ, या द्रव्याच्या निर्मितीची. मधाच्या आम्ल माध्यमात शर्करांचे, विशेषतः फ्रुक्टोजचे, विघटन होऊन ते तयार होते. ताज्या मधात ते अत्यल्प असते; उष्णता आणि काळ यांच्याबरोबर वाढत जाते. म्हणून ते मधाच्या साठवणीचा साक्षीदार मानले जाते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात त्याची मर्यादा किलोस ४० मिलिग्रॅम, तर उष्ण प्रदेशातील मधासाठी ८० मिलिग्रॅम आहे; आपल्या देशाच्या मानकातही ८० मिलिग्रॅम हीच मर्यादा आहे. मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेतील अभ्यासकांनी 'आयु' या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तापविलेल्या मधात एचएमएफ वाढल्याचे नोंदविले आहे. आपल्या उष्णविरोधाचा रासायनिक अंगाने विचार करू इच्छिणाऱ्यांनी तो निबंध अवश्य पाहावा.

मंद आच : आकडे काय सांगतात

व्हाइट यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही या विषयाचा आधार मानले जातात. मधातील विकरे निम्मी होण्यास किती काळ लागतो, हे त्यांनी निरनिराळ्या तापमानांना काढून दाखविले. डायास्टेज निम्मे होण्यास २० अंश सेल्सियसला सुमारे चार वर्षे, २५ अंशांना सुमारे दीड वर्ष, ३० अंशांना सुमारे २०० दिवस, ४० अंशांना अवघे ३१ दिवस आणि ६० अंशांना सुमारे एक दिवस लागतो. इन्व्हर्टेज याहून नाजूक. ते ३० अंशांना ८३ दिवसांत, तर ४० अंशांना दहा दिवसांच्या आतच निम्मे होते. एचएमएफ ४० मिलिग्रॅमपर्यंत चढण्यास ३० अंशांना १०० ते ३०० दिवस लागतात; ४० अंशांना २० ते ५० दिवस पुरतात.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ पाहू. मध अर्धा तास ६० अंशांपर्यंत नेऊन लगेच थंड केला तर डायास्टेजची हानी दोन टक्क्यांच्याही आत राहते. तोच मध दोन महिने ४० अंशांवर राहिला तर डायास्टेज पाव हिस्सा उरते आणि इन्व्हर्टेज जवळजवळ संपते. म्हणजे ज्या तापविण्याची आपण धास्ती घेतो, त्याहून अधिक हानी आपल्याच औषधालयाच्या माळ्यावर, कोणाच्या लक्षात न येता घडते. चुलीची आच डोळ्यांना दिसते. चैत्र-वैशाखाची आच दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

याचा अर्थ मध तापविण्यास हरकत नाही, असा कोणी काढू नये. शास्त्राचा निषेध आहे तसा पाळावयाचाच आहे. तो अर्ध्यावर न सोडता पूर्ण पाळावा, एवढेच आमचे म्हणणे.

गडद रंगाचा भ्रम

साठवणीने वा उष्णतेने गडद झालेला मध प्रयोगशाळेत तपासला तर कधी कधी त्याची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता वाढलेली दिसते. तुर्कस्तानातील अभ्यासकांनी २००६ साली मध ५०, ६० आणि ७० अंशांवर बारा दिवसांपर्यंत तापवून असेच निरीक्षण नोंदविले. ही वाढ वनस्पतिज अंशाची नव्हे. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगाने बनलेल्या मेलॅनॉइडिन नावाच्या तपकिरी द्रव्यांची आहे. भाजलेल्या पावाच्या कडेलाही ती असतात. म्हणून 'अँटिऑक्सिडंट्सने समृद्ध' या छापील वाक्यावरून मध उत्तम साठवला गेला होता, असा निष्कर्ष निघत नाही. त्या आकड्यासोबत एचएमएफ आणि डायास्टेज यांचे आकडे मागावेत. देशाच्या मानकात डायास्टेज किमान ३ शेड एकक अपेक्षित आहे. एचएमएफ चढलेले आणि डायास्टेज उतरलेले असेल, तर रंग कितीही भारदस्त असो, मध उष्णतेत होरपळलेला आहे.

साठवणीने मधात काही नवे घडतही असते. न्यूझीलंडच्या मनुका मधाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्या झुडपाच्या मकरंदातील डायहायड्रॉक्सीॲसिटोन या द्रव्यापासून साठवणीच्या काळात मिथाइलग्लायॉक्सल हे जंतुनाशक द्रव्य हळूहळू तयार होते, म्हणून तेथील उत्पादक मध काही काळ जाणीवपूर्वक मुरवितात. मात्र तापमान वाढविले तर त्याबरोबर एचएमएफही वाढते, आणि म्हणून मुरविण्याचा हा काळही नियंत्रित तापमानात काढावा लागतो. साध्या मधातही काळानुसार मुक्त ग्लुकोज व फ्रुक्टोज काही अंशी घटून संयुक्त शर्करा वाढतात. काळ मधाला बदलतो, हे पुराणत्वाच्या कल्पनेमागील निरीक्षण अशा रीतीने निराधार नाही. यावरून पुराण मधाचे मेदोघ्न कर्म प्रयोगशाळेने सिद्ध केले असे मात्र म्हणू नये. इतकेच म्हणता येते की, काळाने होणारा बदल आणि उष्णतेने होणारा बिघाड हे वेगळे ओळखता येतात, आणि वैद्याला पहिला हवा आहे, दुसरा नको.

सातारा-सांगलीचे ऋतू आणि मध

आपल्याकडील अडचण ऋतुचक्रातच आहे. महाबळेश्वर-जावळी-कोयना पट्ट्यात हिरडा, जांभूळ, गेळा यांचा मुख्य मोसम उन्हाळ्यात असतो आणि पावसाळ्यापूर्वी मध काढला जातो. म्हणजे नवा मध डोंगरावरून खाली येतो तो ऐन वैशाखात. पसरणीचा घाट उतरून टेम्पोच्या हौद्यात तो वाई, सातारा, कराड करीत सांगली-मिरजेस पोहोचतो, तेव्हा तेथील पारा ४० अंशांच्या आसपास असतो. पत्र्याच्या छपराखाली तो याहूनही वर चढतो. ताज्या मधाच्या आयुष्यातील पहिलेच आठवडे सर्वांत कठीण असतात.

त्यानंतर मृगाचा पाऊस. मध आर्द्रताशोषक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असेल तर १८ टक्के पाण्याचा मध आहे तसा राहतो. आर्द्रता ७० टक्के झाली की उघडा मध २४ टक्क्यांपर्यंत आणि ८० टक्के झाली की ३३ टक्क्यांपर्यंत पाणी ओढू शकतो. घाटमाथ्यावर आणि साताऱ्यात श्रावणाअखेर हवा याहून ओली असते. मधातील पाणी १७ टक्क्यांच्या आत असेल तर तो सहसा आंबत नाही. २० टक्क्यांच्या वर गेला की किण्वाला मोकळीक मिळते. सातेरीच्या मधात मुळातच पाण्याचा अंश अधिक असतो. आग्या माशीच्या पोळ्यातून पिळून काढलेल्या मधात त्याशिवाय पराग आणि अळ्यांचे अवशेषही मिसळतात. परागामुळे वनस्पतिज अंश थोडा वाढतो हे खरे, पण असा मध टिकाऊ नसतो. श्रावणात झाकण फुगलेली, उघडताच फेस येणारी आणि ताकासारखा वास देणारी बरणी आम्ही एका औषधालयात पाहिली आहे. विक्रेता तो मध 'मुरला' असे समजत होता. तो मुरला नव्हता, आम होता म्हणून आंबला होता.

थंडीत तिसरी तक्रार येते, ती मध साखरल्याची. ग्लुकोज अधिक असलेला मध १४ अंशांच्या आसपास लवकर स्फटिक धरतो. यात भेसळ नाही आणि बिघाडही नाही. मात्र खाली स्फटिक बसले की वर राहिलेल्या पातळ भागात पाण्याचे प्रमाण वाढते आणि तो भाग आंबू शकतो. विक्रेते अशा वेळी डबा उन्हात किंवा थेट शेगडीवर ठेवतात, हे सर्वथा टाळावे. कारवीच्या मधाची गोष्ट आणखी निराळी. तो स्थिर राहिला की जेलीसारखा घट्ट होतो आणि ढवळला की पातळ होतो. तो त्याचा स्वभाव आहे, त्याला तापविण्याचे कारणच नाही.

साठवणीचे शास्त्र आपल्या भागाला परके नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. २००५ च्या महापुरात पेवांचे मोठे नुकसान झाले, परंतु त्यामागील तत्त्व बाद झालेले नाही. थंडावा, अंधार, कोरडेपणा आणि हवेला मज्जाव या चार गोष्टींनी माल टिकतो, हे हळदीच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. मधाला याच चार गोष्टी हव्यात. हळदीची पोती ज्या काळजीने ठेवली जातात, त्या काळजीला मधाचा डबाही पात्र आहे.

चिकित्सेत निवड कशी करावी?

व्रणावर बाह्य उपयोगासाठी मध नवा, पक्व आणि अंधारात ठेवलेला असावा, कारण तेथे पेरॉक्साइड निर्माण करणारे विकर जिवंत असणे आवश्यक आहे. बाजारातील मध निर्जंतुक नसतो, हेही विसरू नये. खोल वा दीर्घकालीन व्रणांत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला, व्रणोपचारासाठीच तयार केलेला मध वापरावा. या प्रक्रियेने त्याचा जंतुनाशक गुण कमी होत नाही, असे १९९६ साली न्यूझीलंडमधील अभ्यासात दिसून आले आहे.

कास-श्वासात चूर्णांचे अनुपान म्हणून आणि कृश रुग्णांत बृंहणार्थ नवा मध योजावा. स्थौल्य, मेदोरोग, कफाधिक्य यांत एक संवत्सर पूर्ण झालेला पुराण मध द्यावा, परंतु तो शीतल जागी राहिलेला आहे याची खात्री करूनच. उन्हात तपकिरी झालेला मध 'पुराण' म्हणून देणे ही रुग्णाची आणि शास्त्राचीही वंचना होय.

एक वर्षाखालील बालकांबाबत स्पष्ट बोलणे भाग आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मध नवा असो वा पुराण, साठवण कितीही निर्दोष असो, हे बीजाणू त्यात टिकून राहतात, आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात या वयात मधाचे चाटण टाळणे हेच हितावह आहे.

औषधालयासाठी काही नियम

१. खरेदी करताना मध कोणत्या महिन्यात काढला, कोणत्या भागातील, यंत्राने काढलेला की पिळीव, हे विचारून नोंदवावे. भरण्याची तारीख ही काढण्याची तारीख नव्हे.

२. हस्त-रिफ्रॅक्टोमीटरने पाण्याचा अंश पाहावा. राष्ट्रीय मर्यादा २० टक्के आहे. वर्षभर ठेवावयाचा मध १८ टक्क्यांच्या आसपास असावा. पाण्यात थेंब सोडणे, काडी पेटविणे, मुंग्या लागतात का पाहणे या परीक्षांवर विसंबू नये.

३. मध तळमजल्यावर, उत्तरेकडील वा आतल्या खोलीत, जमिनीपासून थोडा उंच ठेवावा. माळा, पत्र्याचे शेड, दर्शनी काचेचे कपाट आणि निर्मितीगृहातील भट्टीची भिंत टाळावी. खोलीत कमाल-किमान तापमापक लावून उन्हाळ्यात रोज नोंद करावी. २५ अंशांच्या आत राखता आले तर उत्तम. ३० च्या वर फार काळ जाऊ देऊ नये.

४. पात्र काचेचे, चिनीमातीचे, पोलादी किंवा अन्नयोग्य प्लॅस्टिकचे असावे. मध आम्ल असल्याने जस्ताचा मुलामा दिलेले, लोखंडी वा तांब्याचे पात्र वर्ज्य समजावे. तेला-तुपाचे जुने डबे वापरू नयेत. काच पांढरी असेल तर बरणी कागदात वा खोक्यात ठेवावी.

५. बरणी गळ्यापर्यंत भरावी आणि झाकण घट्ट असावे. मोठ्या डब्यातून रोज थोडा थोडा मध काढण्याऐवजी सुरुवातीलाच लहान बरण्या भराव्यात. ओला चमचा आत जाऊ देऊ नये.

६. साखरलेला मध सोडविण्यासाठी बरणी ४० अंशांच्या आतील कोमट पाण्यात ठेवावी आणि पाणी बदलत राहावे. त्याच मधावर हा प्रयोग पुनःपुन्हा करू नये.

७. अवलेहात मध घालताना पाक 'थंड झाला' हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. मोठ्या कढईचा पृष्ठभाग निवला तरी मध्यभाग कितीतरी वेळ तप्त राहतो. मध्यभागी तापमापक घालून ४० अंशांखाली आल्यावरच मध मिसळावा.

८. चूर्ण वा आर्द्रकस्वरस मधात कालवून आठवड्यासाठी देऊ नये. बाहेरचे पाणी मिसळताच मधाचा टिकाऊपणा संपतो. मात्रा प्रत्येक वेळी ताजी कालविण्यास सांगावे.

९. पुराण मधासाठी पक्व मधाच्या निवडक बरण्या वेगळ्या काढाव्यात, त्यांवर काढणीचा महिना व वर्ष लिहावे आणि संवत्सर उलटल्यावरच उघडाव्यात. विक्रीतून उरलेला माल आपोआप पुराण समजू नये.

१०. सुटा मध बाटल्यांत भरून विकणे हा २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेतील व्यवहार आहे, याचे भान ठेवून परवाना, लेबल आणि तपासणी यांची पूर्तता करावी. मोठ्या खरेदीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून एचएमएफ आणि डायास्टेज तपासून घ्यावे.

समारोप

वरील नियमांत खर्चाचे फारसे काही नाही. एक तापमापक, एक रिफ्रॅक्टोमीटर, काही लहान बरण्या आणि एक वही एवढ्यात काम भागते. आसवारिष्टांच्या संधानाला, भस्मांच्या पुटांना आपण जी शिस्त लावतो, तिचा थोडासा वाटा मधाच्या वाट्याला यावा, एवढीच अपेक्षा.

संघटनेच्या सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील औषधालयांनी या हंगामापासून मधाच्या प्रत्येक बरणीवर तीन ओळी लिहाव्यात : काढणीचा महिना व वर्ष, प्रदेश व फुलोरा, आणि आल्या दिवशीचा पाण्याचा अंश. महाबळेश्वर-जावळीच्या मधपाळांकडून ही माहिती मिळविणे अवघड नाही. आपण विचारू लागलो की तेही नोंद ठेवू लागतील, आणि नीट पिकलेल्या, नीट काढलेल्या मधाला योग्य मोल देणे आपल्यालाही सोपे जाईल. मग 'पुराण मधातून' असे चिठ्ठीवर लिहिताना वैद्याच्या मनात निश्चित अर्थ असेल, आणि विक्रेत्याच्या फडताळावर त्या अर्थाची बरणीही असेल.